नऊ रतलांचा तंबू

तंबू घ्यायचं ठरलं ते माझ्या सासूबाईंच्या एका अटीमुळे.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डोंबिवलीला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो: सासूबाई, हे आणि मी. यांना डोंगरांचं वेड होतं. शनिवारी दुपारी ठाण्याची कचेरी सुटली की दोन-तीन सोबत्यांना घेऊन हे निघायचे, कुठल्या तरी देवळात नाहीतर गुहेत पाठ टेकायचे आणि रविवारी संध्याकाळी धुळीने माखून घरी यायचे. आल्यावर मला सगळं सांगायचे. कुठे पाणी लागलं, कुठे वाट चुकली, कुठल्या कातळावर बसून भाकरी खाल्ली. मी पुस्तकात वाढलेली मुलगी. वडील ठाण्याला शाळामास्तर, घरात बोलणं कमी आणि वाचणं जास्त. यांचं बोलणंही मी पुस्तकासारखंच ऐकायची. एकदा न राहवून म्हटलं, "मी आले तर?"

हे हसले नाहीत. म्हणाले, "आईला विचारू."

सासूबाईंनी दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी गहू निवडताना, मान वर न करता म्हणाल्या, "नवऱ्याबरोबर जाणार, मी कोण नाही म्हणणारी? पण देवळात परक्या पुरुषांच्या ओळीत माझी सून निजायची नाही. डोक्यावर आणि चारी बाजूंनी कापड असलं पाहिजे. मग खुशाल जा."

यांना तेवढं पुरेसं होतं. दुसऱ्याच दिवशी रद्दीवाल्याकडून एक ताणकाटा मागून आणला. आपल्या दोघांच्या पाठीवर मिळून किती ओझं जाईल, त्यातलं तंबूच्या वाट्याला किती येईल, याचा यांनी कागदावर हिशेब मांडला. भांडी, शिधा, दोन कांबळी, पाणी. तंबूला उरले नऊ रतल, म्हणजे आजच्या हिशेबाने चार किलोंच्या आसपास. त्याहून जड नको, आणि किंमत अशी हवी की दिवाळीचा कोट या वर्षी शिवला नाही म्हणजे भागेल.

मला ओझ्याची सवय व्हावी म्हणून हे मला ज्वारीची पिशवी पाठीला बांधून जिन्यावरून चढायला-उतरायला लावत. सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या. "गिरणीत दळण न्यायचं म्हटलं की हिचा हात दुखतो," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "आणि आता बघा, हौसेने हमाली चाललीय." शेजारीण म्हणायची, "मग अशीच गिरणीपर्यंत जाऊ दे की हो!" आम्ही सगळेच हसायचो. त्या जिन्यावरचं हसू मला अजून ऐकू येतं, आणि आता ते ऐकायला नको वाटतं.

तंबू मात्र मिळेना. लष्करी कापडाचे जाड तंबू पाहिले, त्यातला सगळ्यात लहानसुद्धा एका माणसाला उचलवत नव्हता. मांजरपाटाचा शिवून घ्यावा म्हटलं तर शिंपीच म्हणाला, पाऊस आला तर ते कापड असून नसून सारखं. माझ्या वडिलांच्या ओळखीने आम्ही कोलशेतला खाडीवर जुन्या शिडाचं कापड बघायलाही गेलो. तिथे एक म्हातारा शीड सांधत बसला होता. यांनी काट्याला कापड लावलं, ओढून बघितलं, पुन्हा लावलं. म्हातारा सुई न थांबवता मला म्हणाला, "बाय, शिडाला वारा धराचा ठावं. पानी अडवाचा नाय ठावं. तुमचे मालकांना सांग."

शेवटी तो सापडला कल्याणच्या कॅम्पात. फाळणीनंतर लष्कराच्या त्या बराकींत सिंधकडची माणसं राहायला आली होती आणि विठ्ठलवाडी स्टेशनाच्या बाजूने त्यांची दुकानं पसरत चालली होती. लढाईनंतर उरलेला माल तिथे विकायला असे. टमरेलं, बूट, पट्टे, पाण्याच्या बाटल्या. एका दुकानात टांगलेल्या कोटांच्या मागे एक हिरवट घडी होती. दोघांपुरता तंबू. कापड पातळ पण घट्ट विणीचं, हाताला किंचित मेणचट. लाकडी खांब तीन-तीन तुकड्यांचे, एकात एक बसणारे. यांनी काटा लावला. खांब-खुंट्यांसकट नऊ रतलांवर काटा थांबला. यांचा चेहरा असा झाला, जसा पुढे मुलगी झाली तेव्हा झाला होता.

हे खांब जोडून बघायला बाहेर उन्हात गेले. मी आत घडीपाशी उभी होते. दुकानदार चाळिशीचा, बारीक, बोलताना खाली बघणारा. तो मला म्हणाला, "बहनजी, इसमें मोम लगा है. पानी ऊपर से फिसल जाएगा. पर धोना मत कभी. साबुन नहीं, सोडा नहीं. मैला हो तो धूप में सुखाके झाड़ देना."

मी मान हलवली. हे परत आले, थोडी घासाघीस झाली, तंबू आम्ही घेतला.

घरी आल्यावर सासूबाईंनी पिशवी उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावली. "हे असं आत यायचं नाही हं. कुठल्या सोजिराच्या अंगाखालचं, कोण आजारी पडून त्यात मेलं असेल, देव जाणे. आधी सोड्यात उकळून घे."

हे म्हणाले, "उकळा की. कापडच तर आहे."

आमच्यात परक्याचं वापरलेलं कापड तसंच घरात कोणी घेत नसे. मागून आणलेली दुपटीसुद्धा आधी पाण्यातून जात. तेव्हा सासूबाई काही वेगळं सांगत नव्हत्या. बोलायचं ते मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्यांनी इतक्या मुश्किलीने होकार दिला होता, त्यात सुनेने पहिल्याच पायरीला अडावं आणि त्यांनी 'मग राहू दे जाणं' म्हणावं, याची मला भीती वाटली. आणि सगळं त्यांच्यावर टाकणं खोटं ठरेल. त्या कापडाला रॉकेलसारखा, माणसांच्या घामासारखा वास होता. मला स्वतःलाच त्याची किळस आली होती. सगळंच मेण थोडंच निघेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

हंड्यात पाणी उकळलं, सोडा घातला, काठीने कापड दाबत राहिले. पाण्यावर पिवळसर चिकट साय धरली. निवल्यावर ती हंड्याच्या कडेने खरवडून निघत होती. सासूबाई म्हणाल्या, "बघ, केवढा मळ!" मीही म्हटलं, "केवढा मळ."

वाळल्यावर कापड छान मऊ झालं. यांनी पुन्हा काटा लावला. साडेआठ रतल. "अगं, बघितलंस का?" हे लहान मुलासारखे मला ओढत काट्यापाशी घेऊन गेले. "ऊन लागल्यावर आणखी हलका झाला!"

कोजागिरी होऊन गेली होती. पाऊस संपला असं सगळेच धरून चालले होते. कल्याणहून चालत मलंगगडाचा पायथा, तिथून मागच्या रांगेने दोन मुक्काम करत बदलापूरला उतरायचं, असा बेत होता. पहिला दिवस माझ्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. लिहायला बसले की हात थांबतो.

संध्याकाळी एका सपाटीवर तंबू लावला. हे चारदा बाहेर जाऊन तो लांबून बघून आले. दिवस मावळता मावळता डोंगरामागून गडगडत ढग आले. पहिली काही मिनिटं आम्ही आत बसून थेंबांचा आवाज ऐकत हसत होतो. मग चेहऱ्यावर बारीक तुषार जाणवले. मग माथ्याच्या शिवणीखालून एक धार लागली, मग जिथे बोट लागलं तिथून. यांनी कोरडं राहिलेलं एकच कांबळं माझ्यावर घातलं आणि स्वतः पाठीने कापडाला टेकून बसले, पाणी त्यांच्या पाठीवरून उतरावं म्हणून. "फसवलं गं त्याने," एवढंच म्हणाले. मी कांबळ्यात तोंड घातलं.

उजाडल्यावर आम्ही आल्या वाटेने परत फिरलो. यांना आठ दिवस ताप होता.

बरं वाटल्यावर पहिल्याच रविवारी हे तंबू घेऊन कॅम्पात निघाले. मी येते म्हटलं. का म्हटलं, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा वाटेत सांगून टाकू असं मनात होतं. वाटेत सांगितलं नाही.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. यांनी घडी फळीवर ठेवली. दुकानदाराने कापड चिमटीत धरून चोळलं, नाकाशी नेलं.

"साब, ये तो सोडे में धोया है."

"धोएँगे नहीं तो क्या? कपड़ा है! आपने मना किया था?"

"बहनजी को बोला था."

हे माझ्याकडे वळले. "अगं, हा तुला काही बोलला होता?"

मी टांगलेल्या कोटांकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही."

इतकं सोपं होतं ते. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, रागाने नव्हे. हे एरवी आवाज न चढवणारे, पण त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाले, "मेरी बीवी झूठ नहीं बोलती. घर छोड़कर आए हैं, इनसे लें तो चार पैसे इनको मिलेंगे, ऐसा सोचके हम आए थे. और आप उसको झूठा बोलते हैं?" गिऱ्हाइकांतला एक जण हातातला पट्टा खाली ठेवून निघून गेला. दुकानदाराने घडीच्या दोऱ्या नीट बांधल्या आणि तंबू यांच्या हातात परत दिला.

विठ्ठलवाडी स्टेशनावर बाकावर बसल्यावर हे म्हणाले, "जरा जास्तच बोललो का गं मी?"

मी तंबूची पिशवी बाकाखाली सरकवली.

"पण तुला खोटं पाडत होता तो," हे म्हणाले.

"जाऊ दे," मी म्हटलं.

तंबू माळ्यावर गेला. पुढच्या वर्षी नीट पैसे साठवून नवा घेऊ, असं हे म्हणायचे. पुढच्या वर्षी मुलगी झाली. मग हे पुन्हा सोबत्यांबरोबर जाऊ लागले आणि मी घरी राहू लागले. कोणी पाहुणे आले की कॅम्पातल्या दुकानदाराने फसवल्याची गोष्ट हे रंगवून सांगत. आपण पाठ लावून कसे बसलो, धार कुठून लागली, सगळं. शेवटी ठरलेलं वाक्य असे, "आणि वर म्हणतो, बहनजीला सांगितलं होतं!" पाहुणे हसत. सासूबाई म्हणत, "मी एवढा उकळून शुद्ध करून घेतलेला!" मी चहाचे कप गोळा करून आत जायची.

चौथ्या वर्षी विषमज्वराने हे गेले. आजार एकवीस दिवसांचा होता. त्यात काही दिवस शुद्ध चांगली असायची. मी उशाशी बसून वाचून दाखवायची. एका दुपारी हे आपण होऊन म्हणाले, "बरा झालो की तुला घेऊन जायचं आहे एकदा." तेव्हा सांगता आलं असतं. मी पुस्तकाचं पान उलटलं.

दिवस-वार झाल्यावर काही महिन्यांनी मी एकटी कॅम्पात गेले. सासूबाईंना खरं ते सांगून गेले, की दुकानदाराला भेटायला जाते. "आता त्याच्याकडे काय?" त्यांनी विचारलं, पण अडवलं नाही.

दुकान आता पक्कं झालं होतं. लष्करी माल गेला होता, पत्र्याच्या ट्रंका आणि शाळेच्या पिशव्या आल्या होत्या. तो जाड झाला होता. मला पाहून ट्रंका दाखवू लागला. मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, की काही घ्यायला आले नाही. एक तंबू नेला होता. तुम्ही धुऊ नका म्हणून मला सांगितलं होतं. मी धुतला, आणि तुमच्यासमोर खोटं बोलले.

तो थोडा वेळ आठवत राहिला. "कौन सा तंबू, बहन? तब तो कितने लोग आते थे झगड़ने. रोज़ आते थे." मग माझ्या कपाळाकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने एक स्टूल पुढे सरकवलं. मी बसले.

"साब को बताया था?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं.

त्याने मान खाली घातली आणि ट्रंकेवरची धूळ फडक्याने पुसत राहिला.  मग एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्याला जागा करून देण्यासाठी उठले.