बाबांच्या फोटोमागची रबरी वाटी

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! माझं संशोधन म्हणजे रबरासारख्या, सावकाश सैलावणाऱ्या वस्तूंचं गणित. रबराची छोटी वाटी आतली बाजू बाहेर करून उलटवून ठेवली, की ती गप्प बसते. कोणी हात लावत नाही, वाराही नसतो. आतल्या आत मात्र ती सैलावत असते आणि अचानक टप्पकन उडून सुलटी होते! नेमकी कधी, ते माझं समीकरण सांगतं.

म्हटलं, एकदा तरी या विद्येचा घरात उपयोग करू!

मला अनघाशी लग्न करायचं होतं. मुलगी गिरगावची, मासे न खाणारी. आम्ही काळाचौकीचे मालवणी! आई म्हणाली, "तुझ्या बापाशीक इचारतंय."

बाबा वारलेत हो!

गावी देवाला लावतात तसा कौल आई बाबांच्या फोटोला लावते. काचेवर दोन ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आणि नकार म्हणजे विषय कायमचा बंद! मग मी काय करावं? फोटो सरळ करतोय असं दाखवून फोटोमागे, उजव्या फुलाच्या जागी, उलटी वाटी सरकवली. आईचं गाऱ्हाणं, म्हणजे बाबांना साकडं घालणं, संपता संपता ती उडणार आणि धक्क्याने फूल पडणार, असा हिशेब.

फुलं हलू नयेत म्हणून आईने पंखा बंद केला. भर दुपारी खोलीत गार वाटायला लागलं. एरवी गजबजलेली चाळसुद्धा चिडीचूप. बाबा रोखून माझ्याकडेच बघतायत!

"आयकतास मां? झिलान पोरगी बघल्यान हा. करूची काय?"

उजवं फूल थरथरलं आणि पडलं!

आईच्या डोळ्यांत पाणी. माझ्या तोंडात साखर घालून ती आत गेली. मी मनात म्हटलं, वा रे माझं गणित! आणि ऐटीत फोटोमागे हात घातला.

वाटी उलटीच होती.

अहो, जशी ठेवली तशी! मग फूल कोणी पाडलं? वाटी तळहातावर घेऊन मी फोटोकडे बघितलं. फोटोतले बाबा किंचित हसल्यासारखे वाटले, आणि नेमकी तेव्हाच वाटी माझ्या तळहातावरून टप्पकन उडाली!

"बाबा, चुकलो! परत नाय करणार!"

अशी बोंब ठोकत मी धावलो तो थेट आईच्या पदरात. सगळं ओकून टाकलं.

आईने फोटोला हात जोडले आणि सरळ अनघाला फोन लावला.

"बाय, ह्येच्या बापाशीन हो म्हटल्यान. पण तू परत एकदा इचार कर गो!"