भुशाच्या मशीनवरची जागा

भिकुबाई असोद्याहून जळगावच्या डाळमिलमध्ये वीस वर्षं जात होती. पिंपळनेरकडची तिची धाकटी बहीण सुपडाबाई विधवा झाली, तेव्हा भिकुबाईनंच तिला मुलीसकट आपल्याकडे आणलं आणि मुकादमाला, मगनला, गळ घातली. जागा एकच रिकामी होती, भुशाच्या मशीनखाली पोती भरायची. तिथं बायका टिकत नसत. भिकुबाईला ते माहीत होतं, पण आलेलं काम कशाला सोडा, असं तिला वाटलं.

पहिल्या दिवशी सुपडाबाईनं नाकातोंडाला ओढणी घट्ट गुंडाळली. बाकीच्या बायका हसल्या. भिकुबाईला लाज वाटली.

"काढ ते. तोंड बांधीसन काम व्हस का?"

"अक्का, धूळ कितली शे!"

"माले वीस वरीस व्हई ग्यात. काय व्हयनं माले?"

सुपडाबाईनं ओढणी सोडली. मोठ्या बहिणीचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

दीड वर्षात कोरडा खोकला लागला. तिसऱ्या वर्षी बसच्या दोन पायऱ्या चढताना तिला दांडा धरून थांबावं लागे. गल्लीतल्या डॉक्टरनं टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. गुण आला नाही. शेवटी भिकुबाई आणि सुपडाबाईची मुलगी हर्षाली तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहिला आणि विचारलं, "ह्या काम काय करतात?"

भिकुबाईनं सांगितलं.

"टीबी नाही हा. भुशाच्या धुळीनं फुप्फुसं आखडलीत, आता ती मोकळी होणार नाहीत," बाई म्हणाल्या. "निदान तोंड तरी बांधत होत्या का?"

सुपडाबाई चटकन म्हणाली, "मालेच सवय नव्हती, बाई." भिकुबाई खाली बघत राहिली. हर्षाली मात्र मावशीकडे पाहत होती. पहिल्या दिवशीची गोष्ट आईनं तिला घरी येऊन हसत हसत सांगितली होती.

पुढचे चार महिने सुपडाबाईला आडवं होता आलं नाही. गोधड्यांच्या थप्पीला टेकून ती बसल्या बसल्याच झोपे. एका दुपारी तिला पेज भरवताना भिकुबाईचा धीर सुटला. "मीच तुले तठे लई गऊ. मीच तुनी ओढणी काढाले लावी."

सुपडाबाईला बोलायला श्वास पुरेना. तिनं बहिणीचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गेली.

भिकुबाई परत मिलमध्ये गेली नाही. आता ती केळीच्या मळ्यात निंदणीला जाते. हर्षाली तिच्याजवळच राहते, कॉलेजला जाते, घरी आली की भाकरी टाकते, मावशीचं ताट वाढून ठेवते. विचारलं तेवढं बोलते. पण आई गेल्यापासून तिनं एकदाही 'मावशी' अशी हाक मारलेली नाही.