चांदी उभी होती हो!

हसा, पण आधी कपातला चहा संपवा. नाहीतर ठसका लागेल आणि पुन्हा माझंच नाव निघेल. तसं ते आमच्या अख्ख्या हुडकेश्वरात आधीच निघालंय!

तर माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर पारशिवनीकडच्या गावात त्या एकट्या कशा राहतील, म्हणून आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. त्या आल्या, पण मन काही आलं नाही. ते राहिलं तिकडे, चांदीपाशी. चांदी म्हणजे त्यांची गाय! तिला पुतण्याच्या गोठ्यात ठेवलं होतं.

रोजची पहिली पोळी गाईची, हा आईंचा नेम. आमच्या लेआउटमध्ये, सगळ्या वस्तीभर, मोकाट गाई काय कमी आहेत? पण आई पोळी देऊन यायच्या आणि तोंड पाडून बसायच्या.

"ह्या काय गाई हायत वं, सुनंदा? पोळी खाल्ली का चालल्या! माही चांदी कशी हात चाटे."

आणि एक दिवस म्हणाल्या, "संक्रांत झाली का मले गावाले सोडून द्या."

आता काय सांगू तुम्हाला… माझी आई मी शाळेत असतानाच गेली. लग्न झाल्यापासून 'आई' म्हणून हाक मारायला ही एकच जागा. मला त्या जायला नकोच होत्या. पण असं तोंडावर बोलता येतं का? नाही येत. मग मी सुया काढल्या!

विणकामात माझा हात धरणारी आमच्या लेआउटमध्ये कोणी नाही. (म्हणजे तेव्हा नव्हती. आता आहेत बऱ्याच.) ठरवलं, आईंना चांदीचं चित्र असलेलं ब्लँकेट विणून द्यायचं. पिंकी, माझी मुलगी, म्हणाली, "आई, मोबाइलमध्ये ॲप असते ना! फोटो टाकला की त्याचे चौकोन करून देते. एक चौकोन, एक टाका."

लगेच पुतण्याकडून फोटो मागवला. काय उभी होती चांदी, मान वर करून! ॲपनं मधेमधे काहीबाही विचारलं. मी आपली 'ओके', 'ओके' दाबत गेले.

"आधी छोटासा नमुना विणून पाह्य ना," पिंकी म्हणाली.

"नमुने नवशिके विणतात!" मी म्हटलं. लक्षात ठेवा हे वाक्य.

इतवारीच्या बाजारात पांढरी लोकर संपलेली. दुकानदार म्हणाला, "दीदी, ये मोतिया ले जाओ, सफेद ही दिखेगा." घरी आणून उन्हात धरली तर चक्क गुलाबी! म्हटलं जाऊ दे, संध्याकाळच्या उजेडातली गाय समजू.

दुपारी आई आतल्या खोलीत पडल्या की मी बाहेर विणायला बसायची. खालून वर विणायचं, म्हणजे आधी पाय. शेजारच्या लांजेवार वहिनी आल्या.

"सोफा इनून राहिली का वं?"

"गाय आहे, गाय!"

"असं का," म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवलं.

मग पोट झालं. आमच्या ह्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "अस्वल?"

"गाय!"

"मग पाय काहून नाही दिसत तिचे?"

"डोकं होऊ द्या, दिसतील!" जणू डोकं आल्यावर पाय खाली उतरणार होते! पण जिद्द म्हणजे जिद्द. डोकं केलं, शिंगं केली. ती इतकी आखूड आणि जाड निघाली की कानच वाटावेत.

लांजेवार वहिनींनी पूर्ण झालेलं ब्लँकेट पाहिलं मात्र, "अवं माय! डुक्कर हाय ना हे! गुलाबी डुक्कर!" आणि अशा खदखदून हसल्या, की मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोला ना वं! आई झोपल्या आहेत आत!"

पिंकीनं मोबाइल पाहिला आणि कपाळावर हात मारला. "आई! तू भरतकाम दाबलं! क्रॉस स्टिचचा टाका चौकोनी असते. विणलेला टाका रुंद अन् बुटका. तुझी गाय वरून दाबल्या गेली!"

उसवायला वेळ कुठे होता? संक्रांत होऊन गेली होती, दुसऱ्या दिवशी आई निघणार होत्या. मी ब्लँकेट घडी करून दिवाणात कोंबलं आणि मोरीत जाऊन रडून घेतलं.

सकाळी गारठा मी म्हणत होता. आईंची पिशवी दाराशी, ह्यांनी गाडी बाहेर काढलेली. मी चहा घेऊन आले, तर आई दिवाणावर बसलेल्या. अंगावर तेच ब्लँकेट!

मी कप तसाच खाली ठेवला. "आई, ते… ते जरा…"

"ही तं आपली चांदी!" त्या गाईच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "चिंचेखाली बसली हाय. दुपारी अशीच बसे, पाय पोटाखाली घेऊन."

मी लगेच मान डोलावली. "हो आई, मुद्दाम बसलेलीच घेतली!" निर्लज्जम सदासुखी, दुसरं काय.

आईंचे डोळे भरून आले. "माह्यासाठी इतकं केलं वं पोरी? माह्या मायनंही नसतं केलं." आणि दाराकडे पाहून ह्यांना ओरडल्या, "बंडू, गाडी आत घे गा! मी नाही जात."

मी त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. ह्यांना वाटलं, आमचं भांडण झालं.

मग काय, आठवडाभर मी हवेत! लांजेवार वहिनींना ऐकवलं, "बसलेली गाय ओळखायला नजर लागते!"

परवा आईंनी पिशवीतून सासऱ्यांचे दोन फोटो काढले. एकात उंचपुरे सासरे फेटा बांधून शेताच्या धुऱ्यावर उभे, दुसऱ्यात खुर्चीवर बसलेले.

"सुनंदा, ह्यायचं बी एक ब्लँकेट इन."

"इनते ना आई!" मी ऐटीत उभा फोटो उचलला.

आईंनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला, बसलेला ठेवला आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"हा घेजो, बाई. उभा घेशीन तं ह्यायचं बी डुक्कर करशीन."