डाव्या पायाची पट्टी

फ्रँकफर्टजवळच्या युनिव्हर्सिटीत मी मास्टर्स करत होते, २००० नंतरची पहिली काही वर्षं. मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये मी सर्वांत कच्ची. पुण्याच्या शाळेतही मी पी.टी.च्या तासाला कडेला बसून स्कोअर लिहायचे. इथेही तसंच बसावं म्हणून हॉलमध्ये गेले, तर कोचनी काही न विचारता माझ्या हातात बॉल दिला.

कोच मूळचे फुटबॉलचे. तरुणपणी मुलांना शिकवायला आले होते. मुलींना बास्केटबॉल हवं होतं, शिकवणारं कोणी नव्हतं. त्यांनी लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणलं आणि दोन्ही खेळ चालवले. पहिल्या वर्षी सहाच मुली. दोघी आजारी पडल्या की मॅच रद्द. तेव्हापासून त्यांच्या वहीत फक्त हजेरी असायची. जिची हजेरी पूर्ण, ती सुरुवातीला खेळणार, मग ती कशीही खेळो.

निवृत्तीआधीची त्यांची शेवटची मॅच हरलो तर टीम खालच्या लीगमध्ये जाणार होती. आणि माझी हजेरी पूर्ण होती. आदल्या दिवशी कॅप्टनने मला कँटीनमध्ये कॉफी पाजली आणि अगदी गोडीत सांगितलं, पाय दुखतो म्हण, कोचसाठी जिंकायचंय. मला पटलं. खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

मॅचआधी मी कोचना तसं सांगितलं. कुठला पाय, त्यांनी विचारलं. डावा, मी म्हणाले. त्यांनी मला बाकावर बसवलं, पट्टीचा रोल काढला आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसले. माझ्या बाबांपेक्षाही मोठा माणूस माझ्या पायांशी. मी पाय झटकन मागे घेतला.

"दुखत नाहीये," मी म्हणाले. "मी खोटं बोलले."

"गेनाऊ. अगदी बरोबर," ते शांतपणे म्हणाले. पाय पुन्हा पुढे ओढून त्यांनी पट्टी पूर्ण बांधली. "आता तर मुळीच दुखणार नाही. जा."

"तुझा पाय फार लवकर बरा झाला," कोर्टवर कॅप्टन पुटपुटली.

मी खेळले त्या सहा मिनिटांत आम्ही चार गुणांनी मागे पडलो. शेवटी तीन गुणांनी हरलो.

चेंजिंग रूममध्ये आम्ही बुटांच्या नाड्या सोडत होतो. कोच दार वाजवून आत आले, वही उघडून त्यांनी आमच्या नावांपुढे खुणा केल्या. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "मंगळवारी नवे कोच येतील. कोण कोण येणार?"

माझा हात वर गेला. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिचाही गेला.