मूडण हालत न्हाई

"घागर दारात डाव्या हाताला ठेवलीय, सापडती," असं सासूबाई फोनवर म्हणाल्या आणि तेव्हापासून महानंदाचं नांदेडच्या घरात कशात लक्ष लागेना. उदगिरात एकट्या राहणाऱ्या बसम्मांच्या तोंडी डावं-उजवं तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

बसम्मा भालकीकडच्या, कानडी मुलखातल्या. त्यांच्या घरात मीठ ताटाच्या मूडणीला वाढायचं, पाट तेंकणीला, म्हणजे दक्षिणेला सरकवायचा. महानंदा लग्न होऊन आली, ते लातूर जिल्हा नवा झाल्याचं साल.

"जिल्हा लई जवळ आला आता. हितंच, पडुवणीला," बसम्मा म्हणाल्या.

"पडला? कधी?" नवी सून घाबरली. शेजारची पार्वतम्मा हसून हसून ओट्यावर बसली.

मग बसम्मांनीच समजावलं. मूडु म्हणजे उगवणं, म्हणून मूडण. पडु म्हणजे पडणं. दिवस पडतो ती पडुवण.

मराठी घेऊन बी.ए. झालेली सून कशाला मागं राहते? "आत्याबाई, दक्षिण म्हणजे मुळात उजवा हात. उगवतीकडं तोंड केलं की उजवीकडं येते ती."

"आन पाठ फिरवली तर? तुझी दक्षिण तुझ्यासंगं फिरती. माझी मूडण हालत न्हाई, बाई."

रोज सकाळी दारात उभं राहून त्या उगवता दिवस बघत. तो दिसला, दिशा लागली, की मगच हातात केरसुणी.

यंदा उदगिरात दुष्काळ. गल्लीत टँकर आठवड्यानं येतो. महानंदाचा नवरा वीरभद्र आईला नांदेडला बोलावून थकला. "माझ्या पाळीचं पाणी कोन भरंल?" एवढंच उत्तर. महानंदानं डाव्या हाताचं सांगितल्यावर तो म्हणाला, "वय झालं आईचं, दुसरं काय."

महानंदाला ते पटेना. भाजी निवडता निवडता तिचा हात थांबला. सापडती, म्हणाल्या. दिसणाऱ्या माणसाला दारातली घागर सापडावी लागत नाही. आत्याबाई हातानं चाचपून घरात वावरत होत्या. उगवता दिवसच दिसत नसेल, तर मूडण कुठून आणतील?

डोळ्यांचं विचारलं तर "दिसतंय की" म्हणतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं फोन पार्वतम्मांना करायचं ठरवलं. उद्या दिवस उगवताना आत्याबाई दारात कोणीकडं तोंड करून उभ्या राहतात, तेवढं बघा. त्यांना काही बोलू नका. मी पहिल्या गाडीनं निघते.