आमचे हे बँकेत नव्हते

एसटी सुटताना बाबा खिडकीशी आले आणि एवढंच बोलले, "कोनी इचारलान तर गावाचा नाव सांगायला लाजू नको." लग्नाला चारच दिवस झाले होते. मांडीवर काजूची पिशवी, शेजारी हे, आणि रडायच्या नादात मी नुसती मान हलवली. फणसवाडीची लाज वाटण्यासारखं आहे तरी काय, असं तेव्हा वाटलं होतं.

वहिनी, पुढे काय झालं ते मी गावी गेल्यावर कधी कुणाला सांगितलं नाही. आज तुमच्या सदरासाठी लिहितेय. माझ्यासारख्या इकडे येऊन राहिलेल्या बायका हे वाचून हसतील, कारण त्यांच्यातल्या काहींनी हेच केलेलं असणार.

दोन हजार चार-पाचचा सुमार. आम्ही भाईंदरच्या नवघरला एका खोलीत राहायचो. हे तिथल्याच स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश करायचे. आमची स्नेहल साडेतीन वर्षांची झाली आणि तिला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं. पण त्या शाळेत पोरीआधी आईबापांची मुलाखत, तीही इंग्रजीत. दहावीला मला इंग्रजीत छत्तीस मार्क होते आणि तेही देवाच्या कृपेने. माझ्यामुळे पोरीचा प्रवेश हुकणार, या धास्तीने मला जेवण जाईना.

शेजारच्या हेमाबेननी वाट दाखवली. "ते कर्णिकबाई छे ना, नवी बिल्डिंगवाली, वो सिखाती है." कर्णिकबाई नाशिकच्या, शाळेतली नोकरी सोडून घरी बसलेल्या. दुपारी आम्ही पाचसहा बायका त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसायचो. बाईंनी पहिल्याच दिवशी बारा काळांचा तक्ता लिहून दिला. तो बघून हेमाबेन उठून घरीच निघाल्या होत्या. बाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं. "अगं, रोज भाजी चिरतेस तो एक काळ. आत्ता चिरतेयस तो दुसरा. चिरून ठेवलीयस तो तिसरा. काळ तुला येतात, फक्त इंग्रजीत सांगायचे आहेत." मग मी तो तक्ता गॅसच्या वरच्या फरशीवर चिकटवला. भांडी घासताना आय ॲम वॉशिंग, घासून झाली की आय हॅव वॉश्ड. सासूबाई आल्या होत्या, त्यांना वाटलं मी कसलं स्तोत्र म्हणतेय.

एका काळाने मात्र छळलं. भाईंदरला राहतेय ते 'हॅव बीन लिव्हिंग', कारण ते मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे. मग गाव? बाई म्हणाल्या, "ते सोडलंस ना? संपलं. आय लिव्ड." नियम बरोबर होता, पण मला ते वाक्य वहीत लिहवेना.

मुलाखतीसाठी बाईंनी एक उतारा लिहून दिला. आत्ताचं, मागचं, पुढचं, सगळे काळ त्यात आले होते. उतारा त्यांच्याच आयुष्याचा होता: माझा नवरा बँकेत आहे, माझे वडील नाशिकला शिक्षक होते, माझी मुलगी डॉक्टर होईल. "यात आपापलं घाला," असं त्यांनी दोनदा सांगितलं. पण आमच्या शाळेत गुरुजींच्या उत्तरातला एक शब्द बदलला तरी मार्क जायचे. बाईंचं वाक्य बदलायची हिंमत कुणाला? आम्ही सगळ्यांनी जसंच्या तसं पाठ केलं. आणि खोटं कशाला बोलू, बँकेतला नवरा आणि शिक्षक वडील म्हणताना मला बरंही वाटायचं.

मुलाखतीच्या दिवशी ह्यांनी साबणाने तीनदा हात धुतले. पॉलिशचा काळा रंग नखांतून जात नाही, म्हणून शाळेत ते हात टेबलाखाली धरून बसले. मॅडमनी विचारलं आणि मी धाडधाड सुटले. माय हजबंड वर्क्स इन अ बँक. ह्यांना 'हजबंड' कळलं आणि 'बँक' कळलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परक्या बाईकडे बघावं तसं. मी नाशिकपर्यंत पोहोचले तेव्हा त्यांनी मान खाली घातली होती.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नवघरसे आज तीसरा हजबंड है बँकमें," त्या म्हणाल्या. "और सबके फादर नाशिकमें टीचर. अब आप अपना बोलिए."

बारा काळांतला एकही आठवेना. समोर पाण्याचा स्टीलचा ग्लास होता. मी तो उचलला. "ही... मेक शाइन. धिस. एव्हरी डे." मग श्वास घेतला. "माय फादर फार्मर. माय व्हिलेज फणसवाडी." इतकंच. आयुष्यात मी स्वतः जुळवलेलं ते पहिलं इंग्रजी.

ह्यांनी हात टेबलावर आणले. माझ्या हातातला ग्लास घेतला, उजेडात फिरवला आणि म्हणाले, "नहीं मॅडम, ये हमारे इधरका नहीं है. फिनिशिंग कच्चा है." मॅडम इतक्या हसल्या की शिपाई आत डोकावला.

स्नेहलला प्रवेश मिळाला. त्या दिवशी घरी आलो. दारात चपला काढताना हे म्हणाले, "बँकेतला पाहिजे होता काय?" मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. त्यांनी आत जाऊन चहा टाकला आणि एक कप माझ्या हातात दिला.

आता वन बीएचके आहे, शांती नगरला. गावी गेलं की चौथ्या दिवशी मला इकडची आठवण येते, हे कबूल करते. बाईंचा नियम बरोबरच होता, तिथलं राहणं संपलं. घर म्हणजे आता हीच जागा, जिथे दुसऱ्याचा उतारा म्हणावा लागत नाही.

बाबांना मात्र मी काहीच सांगू शकले नव्हते. स्नेहल दुसरीत असताना मे महिन्यात ते इकडे आले. तिने त्यांच्यासमोर उभं राहून आपला निबंध वाचला, माय ग्रँडफादर इज अ फार्मर. प्रत्येक वाक्याचा अर्थ मी सांगत होते आणि सांगता सांगता शाळेतली ती गोष्टही सांगून टाकली, नाशिकसकट. बाबांनी नातीकडे वळून विचारलं, "आपल्या गावाला विंग्रजीत काय म्हणतात गो?"

"फणसवाडीच, आजोबा."

"मग झाला तर," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.