गार खोलीतले शिकारी कोळी

सिल्वासाजवळ गलोंड्याला आमचं छोटं युनिट आहे. तिथे आम्ही शिकारी कोळी वाढवतो. टाचणीच्या टोकाएवढा हा जीव पिकाची पानं शोषणाऱ्या लाल कोळ्यांना खातो, म्हणून पॉलीहाऊसवाले फवारणीऐवजी तो विकत नेतात. घेवड्याच्या रोपांवर आधी लाल कोळी पोसायचे, मग त्यांच्यावर शिकारी सोडायचे, हे माझं काम.

माझ्यानंतर पुण्याची एक मुलगी तिथे नोकरीला लागली. तिला उत्तरेकडची एसीची खोली मिळाली. माझ्या खोलीची भिंत पश्चिमेला, दुपारभर तापलेली. उन्हाळा लागला तसे माझ्याकडे लाल कोळी भराभर वाढले आणि त्या कोरड्या हवेत शिकाऱ्यांची अंडी मात्र सुकून जाऊ लागली. तिच्या खोलीत शिकारी पानापानावर धावत असायचे. साहेब अर्ध्या गुजरातीत तिचं कौतुक करायचे आणि मी भिंग डोळ्याला लावून ऐकलंच नाही असं दाखवायची. आम्ही दोघी एकाच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. तिच्या पोळ्या माझ्यापेक्षा मऊ व्हायच्या, तेही मला खुपायचं.

त्यातच कळलं, नाशिकला गुलाबाच्या पॉलीहाऊसवर आमच्यातल्या जिचं काम सरस तिला पाठवणार. नाशिक माझं गाव, आई तिथेच असते. मी साहेबांकडे जाऊन तिच्याशी खोली बदलून मागितली. ती लगेच हो म्हणाली. जरा कुरकुरली असती तर मला बरं वाटलं असतं.

गार खोलीत माझे शिकारी असे वाढले की मी ट्रे साहेबांना मुद्दाम दाखवायला नेला. पण ते इतके झाले की लाल कोळी बघता बघता संपले. पानं स्वच्छ, खायला काही नाही. उपाशी शिकारी आपलीच अंडी खाऊ लागले, उरलेले ट्रेच्या काठाकाठाने भटकू लागले. तिकडे तापलेल्या खोलीत तिने ओली गोणपाटं टांगली होती. लाल कोळ्यांची रोपं वेगळी ठेवून ती शिकाऱ्यांना त्यातली थोडी थोडी पानं घालत होती, आणि तिचं चांगलं चाललं होतं. आता खोलीला नावं ठेवायचीही सोय राहिली नाही.

एका दुपारी ती लाल कोळ्यांनी भरलेली पानं घेऊन माझ्या दारात आली.

"ताई, माझ्याकडे हे जास्त झालेत. तुमचे उपाशी आहेत ना?"

नको म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. पानं घेतली. माझे शिकारी सावरले, पण नाशिकला तीच गेली.

थंडीत तिचा फोन आला, की मी पाठवलेले शिकारी तिथे हलतच नाहीत. मला आधी आनंद झाला, मग मी सांगितलं, की गारठ्यात ते सुस्तावतात, अंडीही कमी घालतात. संध्याकाळी पडदे लवकर पाड, शिकारी ऊन चढल्यावरच सोड. तिने तसं केलं आणि ते कामाला लागले. साहेबांनी पुन्हा तिचंच कौतुक केलं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. ती मुलगी घरी येऊन गेली होती.

"फार गुणी आहे गं. लोणच्याची मोठी बरणी दिली तिला."

मी बरं केलंस म्हटलं. मला विचारलं असतं, तर मी छोटी द्यायला सांगितली असती.